न लढलेली टिरपिट्झ

"मामा, पण ही लढली कधी?"

टिरपिट्झचं प्लॅस्टिकचं मॉडेल जोडता जोडता भाच्याने आज सहज विचारलं. टिरपिट्झ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन युद्धनौका, बिस्मार्क या प्रसिद्ध युद्धनौकेची जुळी बहीण, 38 सेंटीमीटरच्या आठ तोफा. आणि विमानं सोडली तर त्या शत्रूवर धडाडल्या एकदाच, सप्टेंबर 1943 मध्ये आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटाच्या किनाऱ्यावर. समोर युद्धनौका नव्हतीच.

1942 पासून बहुतेक काळ ती नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, दडून बसली. पण दबदबा बघा! जुलै 1942 मध्ये ती बाहेर पडतेय, एवढ्या धास्तीने ब्रिटिशांनी सोव्हिएत रशियाला रसद नेणाऱ्या पीक्यू-17 या जहाजांच्या ताफ्याला पांगायला सांगितलं. 35 पैकी 24 मालवाहू जहाजं गेली. ती बुडवली जर्मन पाणबुड्यांनी आणि विमानांनी. टिरपिट्झने एक गोळाही झाडला नाही.

मला मात्र झाडांची गोष्ट जास्त छळते. तिला विमानांपासून लपवायला जर्मन नॉर्वेतल्या कोफ्योर्डमध्ये रासायनिक धूर सोडायचे. जर्मनीतल्या माइंट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथले पाइन तपासले आणि 2018 मध्ये सांगितलं, की काहींच्या खोडात 1945 चं वलयच नाही, म्हणजे त्या वर्षी वाढच झाली नाही. एक झाड तर नऊ वर्षं वाढलंच नव्हतं.

इतकं करून 12 नोव्हेंबर 1944 ला नॉर्वेतल्या ट्रोम्सोजवळ ब्रिटिश विमानांचे पाच-पाच टनी टॉलबॉय बॉम्ब पडले आणि ती उलटली. सुमारे हजार माणसं गेली. तळाचा पत्रा कापून ऐंशीहून अधिक जणांना बाहेर काढलं. पुढे बहुतेक सगळी भंगारात.

नुसत्या धाकावर एवढं नुकसान करणाऱ्या जहाजाला लढलं म्हणायचं की नाही? तुम्हाला काय वाटतं?