आमची वाटचाल : रंधा माझा, हिशोब हिचा

म्हापशाला आमचं सुतारकामाचं छोटंसं वर्कशॉप आहे. 2004 ला चालू केलं तेव्हा मी एकटाच, पत्र्याची शेड, एक रंधा, दोन पटाश्या आणि बाबांची जुनी करवत. आम्ही मूळचे मिरजेकडचे मराठी ख्रिस्ती. इथे लोकांना गंमत वाटते, किरिस्तांव आणि घरात मराठी? मग मी सांगतो, अहो फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे येशूची ओव्यांतली कथा, 1616 ला तुमच्याच गोव्यातल्या रायतूरला छापलं, मराठी ओव्या आणि त्या पण रोमी (म्हणजे इंग्रजीच्या) लिपीत. असो, विषय खुर्च्यांचा आहे.

आमचं मेन काम म्हणजे जुन्या घरांतल्या खुर्च्या, बाकं, कपाटं दुरुस्त करणं, सागवान शिसव फणस जे येईल ते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दारं अडकतात, वाळवी लागते, म्हणजे गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही. कमी पडत होतो मी. मीच मेस्त म्हणजे सुतार, मीच मॅनेजर, मीच टेम्पोवाला, रात्री बिलं पण मीच लिहिणार, आणि वरून मनात असं की ख्रिस्ती माणसाने सेवक व्हायचं म्हणजे सगळ्यांचं ओझं आपणच उचलायचं. खरं सांगायचं तर त्यात सेवा थोडी आणि अहंकार जास्त, माझ्याशिवाय कुणाला जमणारच नाही असा.

जुलै 2017 ला जीएसटी आला आणि माझी गाडी घसरली. एका रिसॉर्टचं काम घेतलेलं, त्यांना जीएसटीचं बिल पाहिजे म्हणून नंबर काढला, पण रिटर्न कोण भरणार? रोजचे 50 रुपये लेट फी लागत गेली. त्यात एस्टिमेट पण मीच दिलेलं, पॉलिशची मजुरी धरायचीच विसरलो.

तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 18 वा अध्याय काढून दिला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलाय आणि त्याचा सासरा इथ्रो येऊन सांगतो की अशाने तूही थकशील आणि ही माणसंही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, मोठं प्रकरण तेवढं तुझ्याकडे येऊ दे. माझ्या सासऱ्यांनी पण हेच सांगितलेलं, पण सासऱ्याचं ऐकतो कोण.

मग हिशोब हिच्याकडे दिला. ती लग्नाआधी पतपेढीत होती, आकडे तिला गाण्यासारखे पाठ राहतात, आणि मी तेरा वर्षं तिला चहा न्यायला शेडमध्ये बोलवत होतो!

दुसरी गोष्ट आमच्या एका पोराची. सांधा करायला दिला की फट ठेवणार म्हणजे ठेवणार, मी रोज ओरडायचो, काढून टाकायच्या बेतात होतो. एकदा वेत विणणारा म्हातारा कारागीर आजारी पडला आणि खुर्ची अर्धी तशीच राहिली, तर हा गुपचूप बसला आणि पुरी करून टाकली. वेताच्या बैठकीत सहा फेऱ्या असतात, दोन उभ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या, तिरकी एक जरी चुकीच्या बाजूने घातली तरी वेत घासून तुटतो, आणि वेत सारखा ओला ठेवावा लागतो. मला ते बघूनच कंटाळा येतो. हा मात्र दिवसभर मान वर न करता विणतो. निर्गम 31 मध्ये बसालेल नावाचा कारागीर आहे, देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं ते सोनं, रुपं, लाकूड घडवायला, उपदेश द्यायला नाही. आणि पुढे 35 व्या अध्यायात म्हटलंय की दुसऱ्यांना शिकवायची बुद्धी पण त्याला दिली. म्हणून आता आमच्या पोराच्या हाताखाली दोन जण बसवलेत.

येशूच्या एका दृष्टांतात धनी परदेशी जाताना चाकरांकडे तालांत, म्हणजे त्या काळचं मोठं चलन, सोपवून जातो. त्यातल्या ज्या चाकराला एकच तालांत मिळाला त्याची आपण कीव करतो, पण एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांची कमाई हातात दिलेली त्याच्या. त्याने ती पुरून ठेवली. मी तर माझी सोडून दुसऱ्यांची पण पुरून ठेवत होतो.

पण याचा उलटा त्रास पण झाला हां. सगळ्यांना आपापली स्ट्रेंथ सापडल्यावर एक दिवस एक जण मला म्हणतो, दादा झाडू मारणं ही काय माझी स्ट्रेंथ नाही. घ्या आता! मी काही बोललो नाही, झाडू घेतला आणि सुरू झालो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पाय धुणं ही कुणाची स्ट्रेंथ म्हणून नाही धुतले, काम समोर होतं आणि कोणी उठत नव्हतं. तेव्हापासून शनिवारी पाचला मशीन बंद, सगळे भुसा काढतात, मी पण. माझ्या कोपऱ्यात भुसा राहतोच, रंध्याच्या खाली, तो आमची ही येऊन दाखवते.

आता आम्ही सहा जण आहोत. लाकूड बघायला, सांधा लावायला मला बोलवा, कधीही येईन. फक्त भाव मला विचारू नका, मला सांगायला बंदी आहे, तिच्या नंबरवर करा.