बारबेल, पर्वतीच्या पायऱ्या आणि मोजपट्टी: जून ते सप्टेंबरची नोंद

आधी आकडे, म्हणजे ज्यांना तेवढेच हवेत त्यांचं काम होईल. जूनच्या सुरुवातीला वजन ७६.४ किलो आणि बेंबीपाशी कंबर ९४ सेंटिमीटर होती. सप्टेंबरअखेर वजन ७२.६, कंबर ८७. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) सलग पाच वेळा ९० किलोवरून १०० वर गेला, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) ११० वरून १२५ वर. बेंच (उताणं झोपून बार वर ढकलणं) ६५ वर होता, तिथेच आहे, आणि कटिंग (चरबी उतरवण्यासाठी कमी खाणं) चालू असताना तो टिकला याचं मला समाधान आहे. पुल-अप्स चारावरून आठावर गेले, त्यात अंगावरचं वजन उतरल्याचा वाटा मोठा.

चार महिन्यांत ३.८ किलो म्हणजे कमीच, असं जिममध्ये एकाने तोंडावर सांगितलं. मला तसं वाटत नाही. माझी उंची १७० सेंटिमीटर, त्यामुळे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २६.४ वरून २५.१ वर आला. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, म्हणजे त्या हिशेबाने मी अजून लठ्ठच ठरतो. कंबरेची मर्यादा मात्र पुरुषांना ९० सेंटिमीटर आहे (बायकांना ८०), आणि तिच्या मी खाली आलोय. ज्यांना बीएमआयवरच सगळं ठरवायचंय त्यांनी याज्ञिक-युडकिन यांचं उदाहरण जरूर पाहावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून बारीक दिसणाऱ्या आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटाभोवती. अशा माणसाने जेवण तोडून नुसता कार्डिओ (पळणं, सायकल असा दमाचा व्यायाम) केला तर चरबीबरोबर मुळातच तुटपुंजा असलेला स्नायूही जातो. म्हणून माझ्या आठवड्यात वजनांच्या दिवसांची जागा आधी ठरते, हिटची (थोडा वेळ पूर्ण जोर, मग सावकाश, अशा इंटरव्हलच्या फेऱ्यांची) नंतर.

आठवडा असा चालला. सोमवारी संध्याकाळी जड स्क्वॉट, बेंच, रो आणि शेवटी जिममधल्या हातापायांनी चालवायच्या बाइकवर इंटरव्हल. बुधवारी डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस, पुल-अप्स. शुक्रवारी हलका स्क्वॉट, लंजेस, इनक्लाइन डंबेल. शनिवारी सकाळी पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्या. बाकीच्या दिवशी फक्त चालणं, तेही गप्पा मारता येतील अशा बेताने. शनिवारची सकाळ ते सोमवारची संध्याकाळ एवढा वेळ मांड्यांना मिळतो, आणि माझ्या वयाला तो लागतोच. वजनं आणि इंटरव्हल एकाच दिवशी असतील तर वजनं आधी. धापा टाकत बारखाली गेलं की पाठ सरळ राहत नाही, एवढं कारण मला पुरतं.

‘कार्डिओने गेन्स (कमावलेली ताकद आणि स्नायू) जातात’ हे वाक्य प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं, त्याचं मूळ सांगतो. रॉबर्ट हिक्सन नावाचा पॉवरलिफ्टिंग करणारा संशोधक सेंट लुईसला जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत आला, त्यांच्याबरोबर पळायला जाऊ लागला आणि आपली ताकद उतरतेय हे त्याच्या लक्षात आलं. पुढे १९८० मध्ये त्याने दहा आठवड्यांचा प्रयोग छापला. एक गट फक्त ताकदीचा, एक फक्त दमाचा, तिसरा दोन्हींचा. तिसऱ्या गटाच्या पायांची ताकद सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली आणि शेवटी शेवटी उतरली. पण हे लोक आठवड्याचे पाच दिवस वजनं आणि सहा दिवस जोरदार दमाचा व्यायाम करत होते. आपल्यातल्या कोणाला नोकरी सांभाळून एवढं जमणार? आठवड्याला दोन छोट्या हिट सेशननी माझ्या स्क्वॉटला काहीही झालेलं नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये झालेल्या विश्लेषणातही ताकदीला पळण्याची जेवढी आडकाठी दिसली तेवढी सायकलची दिसली नाही. बाइक निवडली ती यासाठी. पळताना प्रत्येक पावलाला मांडी ताणाखाली धक्का झेलते, पेडल मारताना तो प्रकारच नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पाय भरून येत नाहीत.

बाइकवर मी २० सेकंद जीव तोडून आणि १०० सेकंद सावकाश, अशा आठ फेऱ्या करतो. पहिल्या दोन फेऱ्या फसव्या असतात, आरपीएम (मिनिटाला किती फेरे) ८० च्या घरात जातो आणि वाटतं आज अंगात भरपूर दम आहे. पाचवीला दंड आधी सोडतात, मग मांड्या. बाराव्या सेकंदाला आकडा ७० च्या खाली घसरायला लागतो आणि उरलेली आठ सेकंदं त्याला तिथेच धरून ठेवण्यात जातात. सातवीत तोंडाला धातूसारखी चव येते. आठवी सहावीपेक्षा फारच मंद झाली तर पुढच्या आठवड्यात मी एक फेरी कमी करतो. पार लोळून पडणं हे माझं उद्दिष्ट नाही, बुधवारी डेडलिफ्ट असतो.

मध्ये एकाने ‘टबाटा कर, चार मिनिटांत काम होतं’ असा सल्ला दिला. इझुमी टबाटा यांचा १९९६ चा मूळ प्रयोग सायकलवरचा आहे, जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या सरावावरून घेतलेला. २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, सात-आठ फेऱ्या, आणि जोर किती, तर शरीराच्या कमाल प्राणवायू क्षमतेला जेवढा लागतो त्याच्या १७० टक्के. वर आठवड्यातून पाच दिवस. सहा आठवड्यांत त्या मुलांचा दम खरोखर वाढला, पण ते मोजमाप दमाचं होतं, चरबीचं नव्हतं. गाणं लावून केलेल्या चार मिनिटांच्या बर्पीज (जमिनीवर जाऊन उठत उडी मारणं) घाम काढतात, छान वाटतं, पण तो हा प्रयोग नव्हे.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या इंटरव्हलसाठी मला फार आवडतात. दगडी आणि रुंद आहेत, लय सापडते. चढावर पळताना सपाटीइतका दणका बसत नाही, म्हणून गुडघेही कुरकुरत नाहीत. वर जोरात जायचं, खाली अगदी सावकाश चालत यायचं, श्वास जागेवर आला की पुन्हा. उजाडायच्या आत गेलं तर गर्दी नसते. जुलैत मात्र दगड ओले झाले. रोज चढणारे एक काका म्हणाले, “अहो, पाऊस ओसरेपर्यंत पळू नका इथे, नुसते चढा.” तेच केलं. जुलै-ऑगस्टमध्ये जोराच्या फेऱ्या शनिवारीही बाइकवर झाल्या आणि पर्वती चालण्यापुरती राहिली.

आता चरबीचा हिशेब. बाइकच्या एका सेशनला धरा दीडशे कॅलरी जळतात. ‘हिटनंतर दिवसभर चरबी जळत राहते’ असं सांगतात, पण व्यायामानंतरचा जादा खर्च व्यायामातल्या खर्चाच्या साधारण ६ ते १५ टक्के भरतो, म्हणजे दहा-वीस कॅलरी. वाटीभर साबुदाण्याच्या खिचडीत याच्या किती तरी पट येतात. किलोभर चरबीमागे ७७०० कॅलरी धरल्या तर माझे ३.८ किलो म्हणजे दिवसाला साधारण अडीचशेची तूट. ती जवळपास सगळी ताटातून आली. रात्रीची एक पोळी कमी, दुपारचा भात निम्मा आणि ऑफिसातला चहा बिनसाखरेचा.

प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ठेवली. चार अंडी, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स, १०० ग्रॅम पनीर, मटकी किंवा डाळ, अर्धा लिटर दूध-दही, आणि उरलेली भाकरी-पोळीतून. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात तरुणांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी जेवण देऊन चार आठवडे, आठवड्यातून सहा दिवस वजनं आणि इंटरव्हल करायला लावले. किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीविरहित वजन १.२ किलो वाढलं. १.२ ग्रॅमवाल्यांची चरबी ३.५ किलो गेली, चरबीविरहित वजन जवळपास आहे तसंच राहिलं. एवढी तूट घरच्या जेवणावर, कामावर जाऊन पेलायची नाही, ते मी करणारही नाही. पण वजनं आणि हिट एकत्र करत असाल तर प्रथिनांकडे दुर्लक्ष करू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

श्रावणी सोमवारी मी उपास धरतो, म्हणून त्या महिन्यात जड स्क्वॉट आणि बाइक मंगळवारी नेली. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात, तेव्हा त्या दिवशी दूध, दही, पनीर आणि मूठभर शेंगदाणे. गणपतीतल्या मोदकांची नोंद केली नाही, ते आनंदाने खाल्ले.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, बीपी किंवा शुगर असलेल्यांनी हिट सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवाच. मी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करूनच बाइकवर बसलो.

ऑक्टोबरपासून तूट बंद, दिवाळी होईपर्यंत मेंटेनन्सवर, म्हणजे वजन आहे तेवढंच राहील इतकं, खाणार आणि बेंच ७० ला न्यायचा प्रयत्न करणार. शनिवारी पर्वतीऐवजी आतकरवाडीतून सिंहगड, चार मिनिटं दमदार चढ आणि तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. डेडलिफ्टच्या दिवशीच रोइंग मशिनवर इंटरव्हल करणारं कोणी असेल तर पाठीचा खालचा भाग कसा राहतो ते कळवा, मला तो बदल जानेवारीत करून बघायचाय.