पोट्टी बिघडली!

दत्तक गेलेल्या मुलाच्या घरी दत्तक संस्थेतर्फे पाठपुराव्याला गेलं की आपण मुलगी बघायला आलोय की काय असं वाटतं. घर झाडूनपुसून लख्ख, पोराच्या अंगावर नवा कपडा, टीपॉयवर संत्रा बर्फी, आणि जो तो मुलाचे गुण सांगायला पुढे. आम्ही मूल परत न्यायला आलेलो नसतो, पण ती धास्ती लोकांच्या मनातून जात नाही. तिला थोडा आधारही आहे म्हणा. मूल घरी येतं ते आधी 'पूर्व-दत्तक संगोपना'खाली, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश निघतो त्यानंतर. सप्टेंबर २०२२ पर्यंत हे आदेश कोर्टातून व्हायचे. मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, भेट देऊन अहवाल करायचा असतो. पहिले सहा महिने संपायची वाट मी बघत नाही. खरं काय ते सुरुवातीच्या आठवड्यांतच कळतं.

नागपूरच्या महाल भागातलं हे घर असंच. नवराबायको चाळिशीच्या अलीकडचे, सोबत आजी. मुलगी दोन वर्षांची. तिला इथं मनू म्हणते, बाकी ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. पहिल्या भेटीत आजींनी कौतुकाचा पाढाच लावला. "काही त्रास नाही जी पोरीचा. रडत नाही, हट्ट नाही. एकटी झोपते. कोणाहीकडे जाते." तेवढ्यात दूधवाला आला. मनूनं दोन्ही हात वर केले आणि सरळ त्याच्या कडेवर गेली. सगळे हसले. दूधवालाही खूश.

मला हसू आलं नाही. थोड्या वेळानं ती उंबरठ्यात अडखळून पडली. गुडघा चांगलाच खरचटला, रक्त आलं. तिनं गुडघ्याकडे पाहिलं, फ्रॉक खाली ओढला आणि चालू लागली. आईकडे नाही, आजीकडे नाही, कोणाकडेच पाहिलं नाही. दोन वर्षांचं पोर लागल्यावर आधी आजूबाजूला बघतं, आपलं माणूस दिसलं की मग भोकाड पसरतं. हिच्या हिशेबात ते माणूसच नव्हतं.

संस्थेत मुलांची आबाळ होते असं कोणी समजू नये. मनूला सांभाळणाऱ्या मावशी जीव लावणाऱ्या होत्या. पण त्यांच्या पाळ्या असतात, सुट्ट्या असतात, एकीच्या वाट्याला बरीच पोरं येतात. रडण्याला दर वेळी कोणी येईलच असं नसतं. हसून हात वर केले की मात्र येणारा-जाणारा कोणीही उचलून घेतो. पोरं हे फार लवकर शिकतात. 'कोणाहीकडे जाते' ते यामुळे.

घरच्यांना मी स्पष्ट सांगितलं. काही आठवडे पाहुणेरावळे बंद, बारशाचा हॉल नंतर बघू. भरवणं, आंघोळ, झोपवणं, लागलं-खुपलं बघणं, सगळं आईबाबांनीच करायचं. नाव लगेच बदलू नका, रात्री मिणमिणता का होईना दिवा ठेवा, कारण संस्थेच्या हॉलमध्ये रात्रभर उजेड असतो. मावशींनी सोबत दिलेली गोधडी धुवायची नाही. आजींना गोधडीचं पटलं नाही. "वास येते तिचा!" त्याच वासासाठी ती ठेवायची, हे दोनदा सांगावं लागलं. पाहुण्यांचं तर त्यांना लागलंच. "म्हणजे मी घ्यायचंच नाही का पोरीले? मी काय परकी आहे का जी?"

आजींचा राग मला रास्तच वाटला. इतकी वर्षं वाट पाहून घरात लेकरू यावं आणि कोण कुठल्या बाईनं येऊन 'भरवू नका' म्हणावं! पण मूल आधी एकाला धरायला शिकतं, मग दुसऱ्याला, मग घराला. ही पायरी ओलांडून चालत नाही.

आईनं बिनपगारी रजा टाकली होती. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा दिली, पण ती तेव्हा तीन महिन्यांपेक्षा लहान बाळ घेतलं तरच मिळायची. आता हिशेब बघा : सोडून दिलेल्या तान्ह्या बाळाच्या पालकांचा शोध घेण्यातच दोन महिने जातात. जन्मदात्या आईनं स्वतः सोपवलेलं असेल तर तिला फेरविचाराला दोन महिने द्यावे लागतात. त्यानंतर बालकल्याण समिती मूल दत्तकासाठी मोकळं करते, आणि पुढे 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या यादीतून जुळणी. तीन महिन्यांच्या आत बाळ घरी येणार कधी? नियम करणाऱ्यानं हा हिशेब मांडला होता की नाही, कोण जाणे.

बाबांचा प्रश्न वेगळा होता. संस्थेत सांभाळायला सगळ्या बायाच, त्यामुळे घरात वावरणारा पुरुष हे प्रकरण मनूला नवीन. दूधवाल्याच्या कडेवर जाणारी ही पोर बाबा खोलीत शिरले की पलंगाखाली. पाहुणा येतो आणि जातो, हा माणूस जातच नव्हता. मी म्हटलं, तिच्याकडे बघूही नका, जमिनीवर बसून आपलं काहीतरी करत राहा. पोळा जवळ आला होता. त्यांनी बाजारातून चाकांचा लाकडी नंदी आणला. रोज संध्याकाळी पाठमोरे बसायचे आणि नंदी मागे ढकलून द्यायचे. आधी तो पलंगापाशी नुसता पडून राहायचा. मग एकदा परत आला.

मधल्या काळात फोन यायचे ते आजींचेच. "गादीत मुंग्या झाल्या जी. उशीच्या खोळीत पोळीचे तुकडे निघाले." मी सांगितलं, रागवू नका, लपवलेलं तिच्यासमोर काढू नका, तिचा हात पोचेल अशा ठिकाणी डब्यात पोळी ठेवा. डबा कधीच रिकामा नसतो हे कळायला तिला वेळ लागेल.

आणि मग तान्हा पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या लाकडी नंद्यांच्या पोळ्याचा दिवस. सकाळीच फोन. "मॅडम, पोट्टी बिघडली जी! लवकर या."

त्याच दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. इतवारी, महाल, सगळीकडे माणसंच माणसं, ढोलताशे, 'घेऊन जा गे मारबत'चा गजर. गाडी लांब लावून गल्लीबोळातून चालत गेले. घरात अमरावतीहून आत्या आलेल्या. माझं पाहुणे बंदचं फर्मान सणापुढे टिकलं नव्हतं. मनूला नऊवारी नेसवली होती, ती अर्धी सुटलेली. पोर आईच्या कडेवर, मुठीत मंगळसूत्र, चेहरा रडून लाल. आत्यांनी उचलून घ्यायला हात पुढे केला तर तिनं कडकडून चावा घेतला होता. मनगटावर दात मोजता येत होते. आजीकडेही जाईना. दूधवाला दिसला तर किंचाळली. आई स्वयंपाकघरात गेली की आकांत, परत आली की तिलाच फटके, आणि फटके मारून झाले की गळ्याला मिठी.

आईच्या डोळ्यांत पाणी. "इतकी छान होती. माझं कुठं चुकलं?"

मी त्यांना म्हटलं, जरा आत जा बरं. त्या गेल्या. मनू ओरडली, दारापर्यंत धावली, पडली. आणि पडल्या-पडल्या मान वर करून तिनं दाराकडे पाहिलं. आई दिसताच गळा काढला. गुडघ्याला काहीही लागलेलं नव्हतं.

मी हसले. आजी भडकल्याच. "पोरगी रडून रडून निळी झाली अन् तुम्ही हसता?"

मग बसून समजावलं. आई गेली तर आपलं काही जाईल, असं तिला आता वाटायला लागलंय, म्हणून ती रडते. परत आल्यावर मारते, कारण राग धरावा इतकी ही बाई तिची झाली. दूधवाल्याला नाही म्हणते, कारण घरचं कोण आणि बाहेरचं कोण हे तिनं ठरवलंय. आईला सांगितलं, नजर चुकवून सटकायचं नाही. "येते हं" म्हणून जायचं, ओरडली तरी. आजींना पदराआडून 'बुवा कुक' खेळायचं काम दिलं. जाणारं माणूस परत येतं, हेच तर त्या खेळात असतं. आजींना काम मिळालं, त्या निवळल्या.

सगळ्या गल्लीतली पोरं नंदी घेऊन दारोदार फिरत होती. मनूचा तान्हा पोळा मागच्या अंगणात झाला. दोरी बाबांच्या हातात, मनू आईच्या कडेवरच. आजींनी दहा रुपये बोजारा, म्हणजे नंदीची ओवाळणी, दिला. तो तिनं आजीकडून नाही घेतला, आईच्या हातून घेतला.

निघताना आत्यांनी हळूच विचारलं, "इंजेक्शन घ्यावं लागल का जी?" मी डॉक्टरांना दाखवून घ्या म्हटलं.

अहवालात 'मुलाचे कुटुंबाशी समायोजन' असा रकाना असतो. मी लिहिलं : आई दिसेनाशी झाल्यास मोठ्याने रडते, अनोळखी व्यक्तींकडे जात नाही, नातेवाइकांना चावते, समायोजन समाधानकारक. वरिष्ठांनी विचारलं, चावण्याचं वाक्य राहू द्यायचं का? मी म्हटलं, तेच महत्त्वाचं आहे.