मोतीच्या उड्या आणि चिकनचे तुकडे

बेल वाजली की आमचा मोती सुटतोच, आलेल्या माणसाच्या अंगावर दोन पाय ठेवल्याशिवाय त्याला चैनच पडत नाही, आणि आजी लगेच ओरडते "अरे मेल्या, खाली हो!" आता गंमत अशी की त्याला ते ओरडणं पण लाडच वाटतं, हाताने ढकललं तर अजूनच खेळ. म्हणून उडी मारली की सरळ पाठ फिरवायची, बोलायचं नाही, बघायचं पण नाही, आणि चारही पाय जमिनीवर आले की त्याच सेकंदाला उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. उशीर केला तर बक्षीस कशाचं ते त्याला कळतच नाही.

'बस' शिकवणं त्यामानाने सोपं. तुकडा नाकासमोरून हळूच डोक्याच्या मागे न्यायचा, मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकतं. पाचेक मिनिटं पुरे, नंतर कंटाळतो. खाऊ म्हणून मनुके आणि चॉकलेट मात्र अजिबात नाही हं, कुत्र्यांना विषारी असतं.

खरा प्रॉब्लेम बाबांचा आहे, ते जेवताना गुपचूप ताटातली पोळी देतात, त्यामुळे मोती जेवणाच्या वेळी फक्त त्यांच्याच खुर्चीशेजारी शहाण्यासारखा बसतो.