धाकटीला चौदाशे, थोरल्याला शून्य

"तिकडे सरकारनं घरटी हजारो डॉलर वाटले म्हणे!" कोविडपासून आजतागायत अमेरिकेतल्या मराठी घरांना हे वाक्य फोनवर ऐकावं लागतं. वाटले हे खरं, आणि एकदा नव्हे, तीनदा वाटले. चुकतो तो 'घरटी' हा शब्द. इथे व्हिसावर राहून वर्षानुवर्षं कर भरणाऱ्या आपल्या कुटुंबांची चिडचिड त्या एका शब्दाशी येऊन थांबते.

आधी रकमा. पहिला हप्ता मार्च २०२०च्या केअर्स या कोविड-मदत कायद्याचा: मोठ्या माणसाला १,२०० डॉलर, १७ वर्षांखालच्या मुलामागे ५००. एप्रिलच्या मध्याला पैसे खात्यात पडू लागले. दुसरा डिसेंबर २०२०च्या कायद्याचा: मोठ्यांना ६००, मुलांनाही ६००. तो २९ डिसेंबरला सुटला आणि १५ जानेवारी २०२१ला वाटप बंद करायचं असं कायद्यातच लिहिलेलं होतं. तिसऱ्या कायद्यावर ११ मार्च २०२१ला सही झाली: डोई १,४००, आणि अवलंबून असलेल्यांसाठी वयाची अट काढून टाकलेली. सही झाल्यावर आठवडा उलटायच्या आत पहिली खाती भरली.

या वेगाचं कौतुक हातचं राखून करायचं कारण नाही. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, सेतू केंद्राची रांग नाही, तीन झेरॉक्स नाहीत. पहिल्या वेळच्या कागदी चेकवर तेवढं राष्ट्राध्यक्षांचं नाव छापून आलं, म्हणजे फ्लेक्सबाजीत आपण एकटे नाही. एवढं सगळं विनाअर्ज जमलं, कारण दाखला सरकारकडे आधीच पडून असतो: मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न.

इथे आपल्याकडचं गणित उलटं होतं. भारतात कुटुंब दिसतं ते रेशनकार्डावर. आयकर मात्र ज्याचा त्याचा, ज्याच्या त्याच्या पॅनवर. अमेरिकेत रेशनकार्ड नसतं, आणि आयकराचा फॉर्म १०४० नवरा-बायको मिळून भरतात. मुलं, पोसावे लागणारे आईवडील, सगळ्यांची नावं त्याच कागदावर. त्यामुळे मदत वाटायची वेळ आली की हाच फॉर्म रेशनकार्ड होतो. फक्त नाव असून भागत नाही. नावापुढे कोणता नंबर आहे ते बघितलं जातं.

नंबर दोन जातींचे. ज्याला काम करायची परवानगी आहे त्याला सोशल सिक्युरिटी नंबर, बोलीभाषेत नुसतं 'सोशल'. ज्याला परवानगी नाही, पण रिटर्नवर नाव घालायचं आहे, त्याच्यासाठी डब्ल्यू-७ फॉर्म भरून आयटिन हा फक्त करापुरता नंबर घ्यायचा. तो ९ने सुरू होतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला सोशल मिळतो. त्याच्यामागून एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आलेली बायको इंजिनिअर असो की डॉक्टर, तिला आयटिन. नाशिकला जन्मून आईबरोबर आलेल्या थोरल्यालाही आयटिन. न्यू जर्सीत जन्मलेल्या धाकटीचा सोशल मात्र हॉस्पिटलातच जन्मनोंदणीच्या कागदाबरोबर मागितला जातो. अशी चौकोनी कुटुंबं इथल्या कोणत्याही गणेशोत्सवात हवी तेवढी भेटतील.

केअर्स कायद्यानं मुळात काय ठरवलं होतं? रिटर्न एकत्र भरलं असेल तर नवरा-बायको दोघांकडेही सोशल हवा. एकाकडे आयटिन असेल तर सगळ्या कुटुंबाला शून्य. नवऱ्याला शून्य, आणि जन्मानं अमेरिकन नागरिक असलेल्या धाकटीलाही शून्य, कारण आईचा नंबर ९ने सुरू होतो. जोडीदारांपैकी एक जण सैन्यात असेल तर ही अट माफ होती. बाकी कुणाला माफी नाही.

यावर २०२०च्या उन्हाळ्यात एक पळवाट सर्रास सुचवली जायची: २०१९चं रिटर्न एकत्र भरू नका, वेगवेगळं भरा. मग नवऱ्याचे १,२०० आणि मुलीचे ५०० सुटतात. सल्ला कायदेशीर होता, पण अर्धवट. एकत्र रिटर्नला मदतीत कपात सुरू होते १,५०,००० डॉलर उत्पन्नावर. वेगळ्या रिटर्नला ७५,०००वरच, आणि पुढच्या प्रत्येक १०० डॉलरमागे ५ डॉलर जातात. म्हणजे १,७००ची रक्कम १,०९,००० उत्पन्नाला संपूनच जाते. आयटीतल्या कितीतरी पगारांना ही पळवाट उपयोगाची नव्हती. वर वेगळ्या रिटर्नमुळे पाळणाघराच्या खर्चाची आणि शिक्षणाची कर-सवलत सहसा हातची जाते, तो हिशेब निराळाच. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना उलटी माहीत असते: वेगळं भरलेलं रिटर्न तीन वर्षांच्या आत दुरुस्त करून एकत्र करता येतं. एकत्र भरलेलं मात्र मुदत संपल्यावर वेगळं करता येत नाही. म्हणून आधी एकत्र भरून 'नंतर बघू' म्हणणारे त्या वर्षी अडकले.

डिसेंबर २०२०च्या कायद्यानं ही चूक मागच्या तारखेपासून सुधारली. दोघांपैकी एकाकडे सोशल असला की त्याचे आणि सोशल असलेल्या मुलांचे पैसे मिळतील असं ठरलं. पण पहिल्या हप्त्याचे बुडालेले पैसे आपोआप आले नाहीत. ते २०२०च्या रिटर्नमध्ये ओळ ३०वर, रिकव्हरी रिबेट क्रेडिट म्हणून मागावे लागले. तिसऱ्या हप्त्यात आणखी एक दार उघडलं: आई-वडील दोघंही आयटिनवाले असले तरी सोशल असलेल्या मुलाचे १,४०० मिळणार.

आता वरच्या चौकोनी घराचा हिशेब करू. उत्पन्न मर्यादेच्या आत आहे असं धरू. पहिल्या हप्त्यात १,२०० अधिक ५००, दुसऱ्यात ६०० अधिक ६००, तिसऱ्यात १,४०० अधिक १,४००. एकूण ५,७०० डॉलर. शेजारच्या घरात तेवढीच माणसं, पण चौघांकडे सोशल: ११,४००. बरोबर निम्मे. एकाच टेबलावर शाळेचा अभ्यास करणाऱ्या दोन भावंडांत धाकटीचे तीन हप्ते मिळून २,५००, थोरल्याचे शून्य.

यजमानाच्या पंगतीत पाहुण्यानं वाढप्याशी भांडू नये, असं आपल्यातलेच काही जण म्हणतात. ठीक आहे. पण या पाहुण्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (म्हातारपणची पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्यविमा) यांचे मिळून ७.६५ टक्के पहिल्या दिवसापासून कापले जातात. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. त्यामुळे ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, पुरं व्हायच्या आत परत गेलेल्याला त्या पेन्शनचा एक डॉलरही दिसत नाही. पंगतीचं बिल भरायलाही पाहुणाच होता, एवढंच म्हणणं.

तुलनाच करायची तर एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत महिलांच्या जनधन खात्यात दरमहा ५०० रुपये पडले. रकमेची बरोबरी नाहीच. पण ते बाईच्या स्वतःच्या खात्यात पडले, नवऱ्याचा नंबर कुणी विचारला नाही. हे उदाहरण आपल्या सोयीचं आहे, मान्य. भारतात कामाला आलेल्या परदेशी कुटुंबाला यातलं काय मिळालं असतं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही.

सोशल असला तरी त्यातही मेख आहे. व्हिसावाल्यांच्या कार्डावर 'डीएचएसच्या (इथल्या गृहसुरक्षा खात्याच्या) परवानगीनेच कामास वैध' अशा अर्थाची ओळ छापलेली असते. ती परवानगी चालू असेपर्यंतच तो नंबर या मदतीसाठी वैध. विद्यापीठात असिस्टंटशिप करताना सोशल घेतला, पुढे लग्न करून एच-४वर आली आणि काम थांबलं, तर हातात नंबर आहे पण नियमानं पात्रता नाही. उलट बाजूनं, एच-४वर वर्क परमिट मिळून नवा सोशल आला, तर तो रिटर्नच्या मुदतीच्या आत, मुदतवाढ घेतली असेल तर त्या वाढीव तारखेच्या आत, दिलेला असला पाहिजे. म्हणून २०२१च्या वसंतात परमिटची वाट बघणाऱ्यांनी घाईनं आयटिनवर रिटर्न भरण्यापेक्षा फॉर्म ४८६८ भरून ऑक्टोबरपर्यंत मुदत घेणं शहाणपणाचं होतं. सोशल आल्यावर जुना आयटिन आयआरएसला, म्हणजे इथल्या आयकर खात्याला, पत्रानं कळवून रद्द करून घ्यायचा, नाहीतर एकाच बाईच्या नावानं दोन फायली चालू राहतात.

उत्पन्नाचा कडा तिसऱ्या हप्त्यात सर्वांत उभा होता. पहिल्या दोन्ही वेळी कपात सावकाश व्हायची. सोशल असलेल्या चौघांच्या घराचे पहिले ३,४०० पूर्ण संपायला उत्पन्न २,१८,०००पर्यंत जावं लागे. तिसऱ्यात १,५०,०००ला पूर्ण ५,६०० आणि १,६०,०००ला शून्य, घरात माणसं कितीही असोत. या दहा हजारांच्या पट्ट्यात प्रत्येक जादा १०० डॉलरनं ५६ डॉलर खाल्ले.

आणि इथेच पुण्याच्या बँकेतली ठेव आडवी येते. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्याचं व्याज भारतात करमुक्त असतं, म्हणून अनेक जण ते इथेही धरत नाहीत. इथे राहणाऱ्याचं जगभरचं उत्पन्न करपात्र असतं. पगाराचे १,४८,००० आणि एनआरईचं पाच लाख रुपये व्याज, म्हणजे तेव्हाच्या भावानं साधारण पावणेसात हजार डॉलर, असं असेल तर ५,६०० ऐवजी जेमतेम २,९४० हाती लागतात. व्याज लपवणं हा यावरचा उपाय नाही. ती दंडाची वेगळी आणि महागडी गोष्ट आहे. उपाय होता ४०१-के या निवृत्ती खात्यात पगारातून जास्त टाकण्याचा, त्या वर्षी मर्यादा १९,५०० होती. २०२०ची एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठीची करमुक्त बचत, तर १७ मे २०२१पर्यंत भरता येत होती, आणि त्यानं फॉर्म १०४०च्या ओळ ११वरचा उत्पन्नाचा आकडा खाली यायचा. बघतात तो हाच आकडा.

कोणत्या वर्षाचं उत्पन्न धरायचं, यात सरकार चक्क उदार होतं. पैसे आगाऊ गेले जुन्या रिटर्नवर. पहिल्या वेळी २०१८ किंवा २०१९, तिसऱ्या वेळी २०१९ किंवा २०२०. पक्का हिशेब पुढच्या रिटर्नवर: पहिल्या दोन हप्त्यांचा २०२०च्या, तिसऱ्याचा २०२१च्या. कमी मिळाले असतील तर फरक द्यायचे, जास्त मिळाले तर परत मागायचे नाहीत. डिसेंबर २०२०मध्ये १७ वर्षं पुरी झालेल्या मुलाचे ५०० डॉलर २०१९च्या रिटर्नवर सहज येऊन गेले, कारण त्या कागदावर तो १६चा होता. ३१ डिसेंबर २०२०ला जन्मलेलं बाळही अख्ख्या वर्षाचं धरलं गेलं. ही सवय लागलेल्यांना जुलै २०२१पासून दरमहा येणाऱ्या चाइल्ड टॅक्स क्रेडिटच्या हप्त्यांनी फसवलं. सहा वर्षांखाली ३००, त्यापुढे १७पर्यंत २५०. दिसायला तेच, पण उत्पन्न वाढलं असेल तर जादाचे परत करावे लागणारे.

आईबाबांचं नाव घालता येईल का, हा हमखास प्रश्न. भारतात राहणाऱ्या आईवडिलांना दरमहा पैसे पाठवत असलात तरी नाही. अवलंबून व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी हवी, फार तर कॅनडा किंवा मेक्सिकोची. ग्रीन कार्डवर इथे मुलाकडे राहणारे, सोशल असलेले, वर्षाचं करपात्र उत्पन्न ४,३०० डॉलरच्या आत आणि निम्म्याहून जास्त खर्च मुलगा करतो, अशा आईबाबांचे तिसऱ्या हप्त्यात प्रत्येकी १,४०० मिळाले. पहिल्या दोन्हींत त्यांचं काहीच नाही. कॉलेजातल्या मुलांचंही तेच.

एफ-१ व्हिसावरचे विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करापुरते अनिवासी असतात. त्यांचा फॉर्म १०४०-एनआर, आणि मदत शून्य. बाजारातली लोकप्रिय सॉफ्टवेअरं हा फॉर्म भरत नाहीत, पण साधा १०४० बिनबोभाट भरून देतात. अशा चुकीनं पैसे आलेल्यांनी १०४०-एक्सनं रिटर्न दुरुस्त करायचं आणि रक्कम परत करायची. चेक वटवला नसेल तर मागे 'व्हॉइड' लिहून, वटवला असेल तर 'यू. एस. ट्रेझरी'च्या नावानं स्वतःचा चेक, त्यावर आपला टॅक्स नंबर. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी ही भानगड निस्तरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. पात्र असून 'ग्रीन कार्ड अडेल' या भीतीनं ज्यांनी पैसे घेतले नाहीत, त्यांची भीती मात्र निराधार होती. कायद्याच्या भाषेत ही कर-सवलत होती, सरकारी आधार नव्हे.

ओळ ३०वर सर्वांत जास्त गोंधळ झाला तो जोडप्यांचा. आयआरएसच्या ऑनलाइन खात्यात नवऱ्याला फक्त निम्मी रक्कम दिसते, उरलेली बायकोच्या खात्यात. एकाचंच बघून 'निम्मे आलेच नाहीत' असं मागितलं की रिटर्न थांबतं आणि महिन्यांनी दुरुस्तीची नोटीस येते. नोटीस १४४४, १४४४-बी, १४४४-सी आणि पत्र ६४७५ हे कोणत्या हप्त्याचे किती आले ते सांगणारे चार कागद म्हणूनच जपायचे. काहींचे पैसे साध्या पांढऱ्या पाकिटातून डेबिट कार्डानं आले, आणि जाहिरात समजून केराच्या टोपलीत गेले.

डिसेंबर २०२४मध्ये आयआरएसनं जाहीर केलं की २०२१च्या रिटर्नवर ही ओळ रिकामी सोडलेल्या सुमारे दहा लाख करदात्यांना मिळून २.४ अब्ज डॉलर आपणहून पाठवणार. बहुतेकांना ते जानेवारी २०२५च्या अखेरीपर्यंत मिळायचे होते. ज्यांनी रिटर्नच भरलं नव्हतं त्यांना १५ एप्रिल २०२५ ही शेवटची तारीख होती. २०२०च्या रिटर्नची मुदत त्याआधीच, १७ मे २०२४ला संपली. त्यामुळे या तीन हप्त्यांपैकी 'तुमचे १,४०० बाकी आहेत, इथे क्लिक करा' असा एसएमएस आता कुणाला आला, तर तो आयआरएसचा नाही.