तुम्ही विचारलंत म्हणून: एकशे साठ एकर फुकट मिळाल्यावर दुःख कशाचं?

नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरात राहून मला आता १९ वर्षे झाली. सुट्टीत परभणी जिल्ह्यातल्या गावी आलो, की पारावर बसलेला कोणीतरी तिकडच्या शेतीविषयी हमखास विचारतो. माझ्या ओळखीचे बरेचसे शेतकरी नॉर्वेहून आलेल्यांचे नातू-पणतू आहेत आणि त्यांच्या पणजोबांना सरकारने १६० एकर जमीन फुकट दिली होती, एवढे मी सांगतो, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "एकशे साठ एकर फुकट? मग त्यांना दुःख कशाचं?" विचारणाऱ्याकडे बहुधा अडीच-तीन एकर कोरडवाहू असते, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पारावर मला त्याचे उत्तर कधी धड देता आलेले नाही, म्हणून येथे लिहितो.

ही माणसे आली तीही जमिनीच्याच ओढीने. नॉर्वेत लागवडीखालची जमीन एकूण क्षेत्रफळाच्या जेमतेम तीन टक्के. बाकी डोंगर, जंगल आणि खडक. वडिलोपार्जित शेतावर थोरल्या मुलाचा हक्क असे, आणि धाकट्यांपैकी अनेकांच्या नशिबी 'हुसमान' होणे येई, म्हणजे दुसऱ्याच्या शेताच्या कडेला खोपट बांधून राहायचे आणि त्या बदल्यात मालकाकडे राबायचे. एकोणिसाव्या शतकात माणसे वाढली, हुसमान वाढले, जमीन मात्र होती तेवढीच राहिली. १८२५ साली स्टावांगर बंदरातून एक छोटे गलबत ५२ माणसे घेऊन अमेरिकेकडे निघाले. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक त्याच वाटेने गेले.

आता त्या 'फुकट'विषयी. १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार दप्तरी खर्चाचे सुमारे १८ डॉलर भरायचे, जमिनीवर घर बांधायचे, सलग पाच वर्षे तिथे राहून ती कसायची, आणि मग कुठे, आपल्या भाषेत सांगायचे तर, सातबारा नावावर व्हायचा. सरकारकडे ही जमीन आली कोठून, हे मात्र पारावर कोणी विचारत नाही. फार्गोवरून वाहणाऱ्या रेड रिव्हर नदीच्या खोऱ्यातली बहुतेक जमीन १८६३च्या तहाने ओजिब्वे या तिथल्या मूळच्या लोकांकडून घेतलेली होती. फुकटाची किंमत कोणीतरी आधीच मोजलेली होती, आणि तो शेतकरी नव्हता.

नदीकाठी ज्यांना जागा मिळाली त्यांनी लाकडाच्या ओंडक्यांची घरे बांधली. उघड्या माळावर झाड नव्हते. तिथे नांगराने गवताळ जमिनीचे मुळांसकट लांब पट्टे कापत, त्यांचे तुकडे विटांसारखे रचत आणि त्याच्या भिंती उभ्या करत. अशा घरात हिवाळ्यात ऊब राही. पण पाऊस लागला की छतातून चिखल गळे, आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ गळत राही. सरपण नसल्यामुळे वाळलेल्या गवताचे पीळ घालून ते चुलीत सारत बसावे लागे.

आमच्या गावच्या लोकांना सर्वांत कठीण जाते ती गोष्ट वेगळीच: तिथे गावठाण नव्हते. १६० एकर म्हणजे अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद चौकोन. कायद्याने प्रत्येकाने स्वतःच्याच चौकोनात राहायचे, त्यामुळे शेजारचा दिवा दिसला तरी अर्ध्या मैलावर. पश्चिम नॉर्वेत वाडीसारख्या दाटीवाटीच्या घरांत वाढलेल्या बाईने अशा ठिकाणी उणे तीस अंशांत पहिला हिवाळा काढला, तेव्हा तिला काय वाटले असेल, याचा मी कैकदा विचार केला आहे. माणसे एकत्र येत ती रविवारी चर्चमध्ये. तिथेच त्यांची भाषा टिकली, आणि भांडणेही तिथलीच. नैसर्गिक संकटांबद्दल फार लिहीत नाही. १८७३ ते १८७७ या काळात शेजारच्या मिनेसोटा राज्याच्या नैऋत्य भागात टोळधाड आली. १२ जानेवारी १८८८ रोजी सकाळी उबदार असलेली हवा अचानक फिरली आणि शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुले बर्फाच्या वादळात वाटेतच गेली. अशा गोष्टी आमच्या शेतकऱ्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

खरे दुखणे निघाले ते गहू पिकू लागल्यावर. गहू उत्तम येई, पण तो विकायचा कुठे? रेल्वेच्या फाट्यावर धान्याची उंच कोठारे असत, त्यांना तिकडे एलेव्हेटर म्हणतात. बहुतेक कोठारे मिनेसोटातल्या मिनियापोलिस शहराकडच्या कंपन्यांची. वजन तेच करणार, गव्हाचा दर्जा तेच ठरवणार आणि काडीकचऱ्यापोटी कपातही तेच करणार. मोंढ्यात आपण ज्याला कडता म्हणतो, तोच हा प्रकार. माझ्या एका शेतकरी मित्राने त्याच्या आजोबांची, पहिल्या महायुद्धाच्या आधीची, वजनाची पावती मला दाखवली होती. पुढच्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहिलेले वजन, त्याखाली कपात, त्याखाली हलका दर्जा. मागच्या बाजूला आजोबांनी नॉर्वेजियनमध्ये एकच शब्द लिहिला होता: 'त्यूव'. म्हणजे चोर.

१९१५ साली आर्थर टाउनली नावाच्या, जवसाच्या शेतीत दिवाळे निघालेल्या माणसाने 'नॉनपार्टिजन लीग' ही शेतकऱ्यांची संघटना उभी केली. कार्यकर्ते फोर्ड गाडीतून शेतोशेत फिरत आणि रोख पैसे नसतील तर वर्गणीपोटी पुढच्या तारखेचा धनादेश घेत. नॉर्वेजियन शेतकरी तिच्या मोठ्या आधारांपैकी होते. माझ्या मते हुसमानपण पाहिलेल्या घरांना मालक कोण हे पटकन ओळखता येत असावे. नॉर्थ डकोटा राज्याची १९१६ची निवडणूक संघटनेने जिंकली. १९१९ साली राज्याच्या मालकीची बँक निघाली, १९२२ साली ग्रँड फोर्क्स येथे राज्याच्याच मालकीची पिठाची गिरणी व धान्याचे कोठार सुरू झाले. बँक आणि गिरणी दोन्ही आजही चालू आहेत.

गेल्या खेपेला त्या गिरणीच्या पिठाची, 'डकोटा मेड' छाप, एक पिशवी सामानातून गावी आणली. वहिनींनी पोळ्या केल्या आणि "भाऊजी, पीठ लईच चिवट आहे," असा शेरा दिला. तो बरोबर आहे. तिकडचा वसंतातला लाल गहू पावासाठी चांगला, पोळीसाठी नव्हे. पारावरचा प्रश्नकर्ता तेव्हा जेवायला होता. गिरणी राज्याची, हे ऐकून त्याने पोळीचा तुकडा हातात तसाच धरला आणि विचारले, "तिथं कडता कापतात का?"

"कापतात," मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्याने घास तोंडात घातला.