आमची वाटचाल : जवळ होतं त्यातून निघालेलं नवं

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) एक शेड भाड्याने घेऊन आम्ही तिघांनी काम सुरू केलं: मोठा भाऊ, म्हणजे आमचा दादा, वहिनी आणि मी. कारखान्यांत तापमान मोजायला लागणारे सेन्सर आम्ही बनवतो: थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर, आणि आरटीडी, म्हणजे तापमानाप्रमाणे ज्याचा रेझिस्टन्स बदलतो तो. बडोद्यातले ओळखीचे लोक भेटले की हमखास विचारतात, सुरुवातीला भांडवल किती घातलं? भांडवल बेताचंच होतं. दादाचा फंड, माझी थोडी शिल्लक आणि उधारीवर आलेला एक जुना लेथ. पण आजवर आम्ही जे काही नवं केलं ते या पैशातून निघालेलं नाही. कुणाला काय येत होतं आणि कुणाची ऊठबस कुठे होती, त्यातून ते निघालं. हे सविस्तर सांगायला हवं, कारण नव्याने धंद्यात पडणारी मुलं आधी पैसा शोधतात आणि स्वतःजवळ काय आहे ते मोजतच नाहीत.

कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, मागोमाग पेट्रोकेमिकल आलं आणि आमच्या शहरात इन्स्ट्रुमेंट विभागात घडलेल्या माणसांची एक पिढीच तयार झाली. दादा त्यातलाच. शटडाऊनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद असतानाच्या, मोजक्या दिवसांत सगळे सेन्सर काढायचे, तपासायचे, बदलायचे, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. कुठल्या रिअॅक्टरवर कसला थर्मोवेल आहे, त्याचं भोक किती, आटे कुठले, हे त्याला तोंडपाठ. थर्मोवेल म्हणजे पाइपात कायमची बसवलेली, तळ बंद असलेली नळी. सेन्सर तिच्या आत असतो, म्हणून प्लांट चालू असतानाही तो काढता येतो. मात्र त्याचं टोक तळाला टेकलंच पाहिजे. मध्ये हवेची फट राहिली तर तापमान उशिरा कळतं, आणि रिअॅक्टरवर तो उशीर महागात पडतो. जुन्या प्लांटमध्ये या नळ्या नाना मापांच्या. नवा सेन्सर लांब निघाला की वॉशर घालून उचलायचा, आखूड निघाला की तसाच सोडायचा, असं सर्रास चालायचं.

दादाने लांबी जागेवरच जुळवता येईल असा स्प्रिंगचा इन्सर्ट, म्हणजे थर्मोवेलच्या आत जाणारा सेन्सरचा भाग, बनवला. स्प्रिंग लावण्याची कल्पना जुनीच आहे. आमचं नवेपण एका इन्सर्टमध्ये बरीच मापं बसवण्यात होतं, आणि त्याहून जास्त, नेमकी कोणती मापं धरायची हे ठरवण्यात. ते कुठल्या कॅटलॉगात छापलेलं नव्हतं, दादाच्या डोक्यात होतं. पहिला नमुना लावून बघायची परवानगी मिळाली तीही त्याच्या जुन्या सोबत्यांमुळे. अनोळखी माणसाचा माल चालू रिअॅक्टरवर कुणी लावू देत नाही, आणि तेच योग्य आहे.

वहिनी रसायनशास्त्राच्या. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये त्यांनी बरीच वर्षं काढलेली. आमच्या केबलमध्ये तारांभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासून भरलेली असते आणि ती हवेतला ओलावा झपाट्याने ओढते. केबल कापून टोक उघडं ठेवलं, त्यात आपल्याकडचा श्रावणातला दमटपणा, की मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्यावर इन्सुलेशन घसरलेलं दिसतं. ओलावा बाहेर ठेवणारी खोली बांधण्याची आमची ऐपत नव्हती. वहिनींनी लॅबची शिस्त आणली. केबल कापली की टोक लगेच तापवून सुकवायचं, पुन्हा ओलावा शिरायच्या आत सील करायचं, मग मेगर लावून आकडा लिहायचा. प्रत्येक नगाचं स्वतंत्र कार्ड. त्यावर केबल कुठल्या रोलमधली, सील कधी केलं, रीडिंग किती आलं आणि बनवणाऱ्याची सही. हे कार्ड त्यांनी आमच्या सोयीसाठी सुरू केलं होतं. पण औषध कंपन्यांच्या ऑडिटमध्ये नेमकी हीच माहिती मागतात. कार्ड मालाबरोबर जाऊ लागलं आणि ज्या फार्मा कारखान्यांच्या दारात आम्हाला कुणी उभं केलं नसतं तिथून चौकशा येऊ लागल्या. आमच्याकडची सर्वांत मोलाची नवी गोष्ट कोणती असं विचारलंत तर मी इन्सर्टच्या आधी या कार्डाचं नाव घेईन. दुसऱ्या कुणाला ते सुचलं नसतं असं नाही. पण वहिनींना ते सुचवावं लागलं नाही, त्यांच्या हाताला ते वळणच होतं.

मी ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यात खरेदी विभागात होतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवाल्यांची कामं माझ्याकडून आली. पीटी-१०० या आरटीडीचा रेझिस्टन्स ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला साधारण १३८.५ ओहम असतो. दोनच तारांनी जोडला आणि लांब केबलचा एक ओहम त्यात मिसळला तर जवळपास अडीच अंशांची चूक होते. म्हणून यार्डातल्या कामाला तीन तारांची जोडणी आणि केबलसकट तपासलेला सेन्सर असं एकत्र पॅकेज आम्ही देऊ लागलो.

आता पैशाबद्दल. तो नव्हता तेव्हा आमची तपासणी ० अंशावर थांबायची. थर्मास फ्लास्कमध्ये शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक चुरून भरायचा, वर फटी भरतील इतपतच शुद्ध गार पाणी, की शून्याचा खात्रीचा बिंदू घरच्या घरी मिळतो. पुढच्या तापमानांसाठी माल बाहेरच्या लॅबमध्ये पाठवावा लागे. म्हणून उंच तापमानाचं काही नवं करून बघण्याचा विचारच आम्ही करत नव्हतो. पुढे सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या हमीवर, काहीही तारण न ठेवता, बँकेचं कर्ज मिळालं आणि कॅलिब्रेशनची भट्टी आली. तेव्हा आमच्या विचारांची दिशा बदलली. के टाइप थर्मोकपलची निकेल-क्रोमियमची तार कमी ऑक्सिजनच्या जागी खूप तापत राहिली तर आधी क्रोमियम जळतं, तार हिरवट पडते आणि सेन्सर खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. ऑपरेटर बिचारा आणखी गॅस सोडतो. अशा ठिकाणी एन टाइप, म्हणजे दुसऱ्या मिश्रधातूंचा थर्मोकपल, जास्त टिकतो. हे दादाला आधीपासून माहीत होतं, पण ते स्वतः ताडून बघायची सोय भट्टीने दिली. पैशाने कल्पना दिली नाही, चुका परवडण्याची मुभा दिली. तीही कमी नाही.

आणि हा पैसा उधारीत अडकला की पहिली कुऱ्हाड प्रयोगांवरच पडते. लहान उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ चा आहे, ४५ दिवसांत पेमेंट करायचं हे त्यात स्पष्ट लिहिलंय. मोठ्या ग्राहकांनी तेवढं पाळलं तरी लहान युनिटांमधून कितीतरी नव्या वस्तू निघतील, असं मला मनापासून वाटतं.

पुतण्या एमएस युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग शिकताना एकदा जेवताना सांगत होता, सरस सरस्वती नावाच्या भारतीय वंशाच्या अभ्यासक आहेत, त्यांनी २००१ मध्ये मांडलं की मुरलेले उद्योजक आधी ध्येय ठरवून साधनं गोळा करत नाहीत. मी कोण, मला काय येतं, माझी ओळख कोणाशी, इथून ते निघतात आणि किती गेलं तरी झेपेल ते आधी ठरवतात. दादा म्हणाला, मग आपलं बरोबर चाललंय. बडोद्याला हे नवीन नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. तिच्या उभारणीतले रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटीभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर १९०७ मध्ये अलेम्बिक कंपनी काढली. आधी विद्या, मग कारखाना.

पण ही पुंजी आटतेही, हे आम्ही सध्या अनुभवतो आहोत. दादाच्या डायरीतले बहुतेक लोक निवृत्त झाले. नव्या इंजिनिअरांना आमचं नाव माहीत असतं, माणूस माहीत नसतो. पुतण्या आता आमच्यात आला आहे, त्याच्यामुळे वायरलेस लॉगरचं, म्हणजे रीडिंग नोंदवून बिनतारी पाठवणाऱ्या यंत्राचं, काम सुरू झालं. आम्हा तिघांपैकी कुणाला ते जमलं नसतं. दादा आयटीआयच्या मुलामुलींना घेऊन बसतो आणि प्लांटमधून परत आलेले बिघडलेले सेन्सर उभे कापून दाखवतो: इथे शीथ, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, फुटलं, इथे पाणी शिरलं, इथे तार हिरवी पडली. कापलेला प्रत्येक तुकडा कुठल्या कामावर होता त्याची चिठ्ठी लावून वहिनी कपाटात ठेवतात.

तेव्हा तुमच्या कारखान्यात जळालेला, अडकलेला, खोटं रीडिंग देणारा थर्मोकपल निघाला तर भंगारात टाकू नका. आमच्याकडे पाठवा, आमचा असो वा दुसऱ्या कुणाचा. कापून बघू आणि का गेला ते तुम्हाला लिहून कळवू. त्याचे पैसे घेत नाही.